फाटकाकडे वळणारा डबा

रविवार, श्रावण लागायच्या आधीचा. सकाळची वेळ. जागा: करी रोडची गोमती चाळ, पुढची इमारत, तळमजल्यावरची मंडळाची खोली. हजर: घाडीकाकू, म्हणजे अलकाची आई, अलकाचा धाकटा भाऊ सुरेश, ठाण्याहून आलेला, तावडे भाऊ, चाळीतले सर्वांत जुने गिरणी कामगार, देशपांडे मॅडम, अलकाच्या कॉलेजातल्या सहकारी, दोन्ही इमारतींतली बहुतेक घरं, आणि मी, रंजना, चाळ समितीची चिटणीस. विषय पहिला: अलका घाडी हिला श्रद्धांजली. विषय दुसरा: अलकाने भिंतींवर लावलेले सेन्सरचे डबे यापुढे कोणी बघायचे. पहिल्या विषयावर सगळे थोडं थोडं बोलले. दुसऱ्या विषयावर कोणीच बोलेना, तेव्हा मी माझंच नाव लिहून टाकलं आणि सभा संपवली. इतिवृत्त एका पानात आटोपलं. त्यात जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

बातमी आली तेव्हा मी ऑफिसला जायच्या तयारीत होते. सुरेशचा फोन. तो एरवी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी फोन करणारा माणूस, त्यामुळे नाव बघून मी लगेच उचलला. "रंजूताई, आपली अलकाताई गेली गं..." एवढंच म्हणाला आणि फोन शेजारच्या कोणाकडे तरी दिला. तिच्या दादरच्या घरात, पहाटे, हृदयविकाराने. कसली पूर्वसूचना नाही. आदल्या संध्याकाळी आमचं बोलणं झालं होतं; येत्या रविवारी येऊन सगळ्या डब्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या ठरल्या होत्या. मी चपला घातल्या, जेवणाचा डबा आणि पर्स टेबलावर ठेवली आणि तशीच काकूंकडे गेले. सांगायचं मलाच होतं. काकू चूल पुसत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अलकाचा काय?" त्यानंतरचं मी लिहीत नाही.

अलका एका इंजिनिअरिंग कॉलेजात अँटेना शिकवायची. चाळीत सुरुवातीला सगळ्यांची समजूत होती की ती टीव्हीच्या अँटेना दुरुस्त करते, आणि तिनेही ती फारशी खोडून काढली नाही. लहानपणी दोन-चार घरांच्या गच्चीवरच्या अँटेना तिनेच फिरवून दिल्या होत्या. तिचं खरं काम त्याहून बारीक. भिंतीला, पुलाला, शेतात लावायचे लहान लहान सेन्सर असतात, ते आपली मापं एकमेकांना बिनतारी कळवत पुढे पोचवतात. तारेचा पुरवठा नाही, पोटात एक बॅटरी असते, ती संपली की सेन्सर मुका. साधी अँटेना चहूबाजूंना सारखंच ओरडते. ज्याला ऐकायचंय तो एका बाजूला, पण तीन बाजूंचं ओरडणं फुकट जातं आणि बॅटरी त्यातच संपते. अलकाची अँटेना एका वेळी एकाच दिशेला बोलायची, आणि ती दिशा हवी तशी बदलायची. मधे एक काडी, भोवती चार काड्या. आत फिरत काहीच नाही. कुठली काडी जागी ठेवायची आणि कुठली झोपवायची एवढंच बदलतं, की बोलण्याचं तोंड वळतं. हे मला तिने इतक्यांदा समजावलं की आता मी झोपेतही सांगेन.

पण हे ज्ञान तिला कॉलेजात मिळालेलं नव्हतं, असं ती स्वतः सांगायची. ते मिळालं मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, काकूंच्या खोलीत. काकांची गिरणी होती तोवरही पगारात भागायचं नाही, म्हणून काकू खानावळ चालवायच्या. जेवणारे दोन्ही इमारतींत विखुरलेले, कोणी पहिल्या पाळीचे, कोणी दुसऱ्या. ताट वाढलं की काकू गॅलरीत यायच्या. आता हाक मारली तर सगळी चाळ वळून बघणार, रात्रपाळी करून झोपलेले शिव्या घालणार. काकूंनी त्यावर उपाय काढला होता: रॉकेल ओतायचं पत्र्याचं मोठं नरसाळं. एक जुनं नरसाळं त्यांनी त्यासाठीच घासून ठेवलं होतं. बारीक टोक तोंडाशी, रुंद तोंड ज्याचं ताट वाढलंय त्याच्या खोलीकडे. "परबांनो, ताट वाढलाय." परब उठायचे, शेजारचा कूस बदलून झोपायचा. आणि एक नियम होता. काकूंची हाक आली की उठायचं. भांडण चालू असो, पत्ते चालू असोत. ताट थांबत नाही. जो आला नाही त्याचं ताट झाकून ठेवलं जायचं नाही. आमच्या बापांच्या पिढीत युनियनच्या हाकेला न उठणारे होते, काकूंच्या हाकेला न उठणारा एकही नव्हता.

मी समोरच्या इमारतीत. शाळेला निघताना अलका त्याच नरसाळ्यातून मला हाक मारायची, आणि मला अजून आठवतं, चौकात इतका गलका असूनही तो आवाज कानात सरळ यायचा, जणू मधे दुसरं कोणी नाहीच. पुढे वर्गात अँटेनाचा पहिला तास ती त्या नरसाळ्याच्या फोटोने सुरू करायची. देशपांडे मॅडम सांगत होत्या, मुलं हसायची. मग ती फळ्यावर आकडेमोड मांडायची आणि हसणं थांबायचं.

स्वभावाने ती सोपी नव्हती. श्रद्धांजलीच्या सभेत सगळे तिला प्रेमळ म्हणाले, ते ऐकून तिलाच हसू आलं असतं. प्रेमळ होती, पण एका वेळी एकावर. तुमच्याशी बोलायला लागली की खुर्चीसकट तुमच्याकडे वळायची, मधे दुसऱ्याने काही विचारलं तर तिला ऐकूच यायचं नाही. लग्नसमारंभात तिला नेणं म्हणजे डोक्याला ताप. दारात भेटलेल्या पहिल्याच माणसाशी ती शेवटपर्यंत बोलत राहायची आणि बाकीचे रुसायचे. मी एकदा रागावले तर म्हणाली, "अगं, मी तिकडे वळले होते." जणू हे पुरेसं कारण आहे. तिच्या डब्यांमध्येही हा दोष होता आणि तो तिला ठाऊक होता. एक डबा दुसरीकडे तोंड करून बसलेला असताना त्याला हाक मारली तर तो बहिरा. म्हणून तिने हजेरीची पद्धत बसवली होती. ठरावीक वेळाने प्रत्येक डबा सगळ्या दिशांना क्रमाने तोंड करतो, ओळखीच्या डब्यांना नावाने हाक मारतो, आणि कोण कुठल्या दिशेला हजर आहे ते टिपून ठेवतो. मग पुढच्या हजेरीपर्यंत सगळे निवांत.

नोकरी लागल्यावर तिने दादरला घर घेतलं आणि पहिल्या दिवसापासून काकूंना तिकडे नेण्याचा धोशा लावला. काकू जायच्या, दोन दिवस राहायच्या, परत यायच्या. काका गेल्यावरही त्या खोलीतून हलल्या नाहीत. अलकाने लग्न केलं नव्हतं. तिच्या आयुष्यात काळजी करायला एकच माणूस होतं, आणि ते मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत बसून कोलंबी निवडत होतं.

मग मागच्या जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवरचं काम सुरू झालं. जमिनीत खांब ठोकायला लागले तसे आमच्या फळीवरचे पेले वाजायला लागले. मागच्या इमारतीला तडे गेले; जुने तडे होतेच, पण आता लोक त्यांच्याकडे बघायला लागले. एक गट म्हणे, इमारत पडणार, निघा. दुसरा गट म्हणे, हे आपल्याला घाबरवून बाहेर काढायचं कारस्थान आहे, एकदा खोली सोडली की संक्रमण शिबिरात म्हातारे व्हाल. दोघांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण. डिलाईल रोडला, वरळीच्या बीडीडी चाळीत, सगळीकडे आमचे नातेवाईक. प्रत्येकाच्या घरात एक तरी गोष्ट होती, खोली सोडून परत न मिळाल्याची. समितीच्या सभा आरडाओरड्यात संपायच्या. अशा एका सभेत अलका मागे बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "कोणाचं खरं ते भिंतीलाच विचारू या. मी डबे लावते."

तावडे भाऊंनी पहिला प्रश्न विचारला. "अलका, ते डबे आमचं बोलणं पण ऐकणार काय? रात्रीची भांडणं सगळी तुझ्या कॉलेजात पोचतील."

"भाऊ, तुमच्या भांडणांना डबा कशाला? ती अशीच परळपर्यंत ऐकू येतात."

चाळ हसली, आणि डबे लागले. साबणाच्या वडीएवढे पांढरे डबे, गॅलरीच्या खांबांवर, जिन्यांत, आणि मागच्या इमारतीत काकूंच्या खोलीच्या जिन्याकडच्या भिंतीवर. भिंत किती कलते, किती थरथरते हे ते मोजायचे आणि एकमेकांकडे तोंड करून पुढे सरकवायचे. पत्र्याच्या टाक्या, जाड भिंती, घराघरातलं वायफाय, या सगळ्यातून वाट काढायला तिच्या वळणाऱ्या अँटेनाच हव्या होत्या. सगळी मापं शेवटी मंडळाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर यायची आणि तिथून अलकाच्या फोनवर. माझ्याकडे काम होतं बॅटऱ्यांची नोंद ठेवायचं. पहिल्याच महिन्यात क्रिकेटच्या चेंडूने एक डबा फुटला. अलकाने त्याच संध्याकाळी येऊन त्याचं नाव हजेरीतून काढून टाकलं. मी म्हटलं, एवढी काय घाई, नवा लावलास की मग काढ. ती म्हणाली, "गेलेल्याचं नाव ठेवलं की बाकीचे प्रत्येक हजेरीला त्याला शोधत बसतात. शोधण्यातच त्यांची बॅटरी संपते, रंजू."

पावसाळ्याचे महिने मापं शांत होती. लोकांना डब्यांची सवय झाली, इतकी की दसऱ्याला जे झालं ते कोणाला वावगं वाटलं नाही. गिरण्या बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्या चाळीत खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कोणाची कात्री, कोणाचा पाना, कोणाचा लॅपटॉप. रिक्षावाल्यांच्या रिक्षा फाटकात. तावडे भाऊ अजून आपला गिरणीतल्या मागाचा धोटा काढून पुसून मांडतात. त्या वर्षी त्यांनी विचार केला की चाळीची राखण करणारी खरी हत्यारं तर भिंतींवर आहेत, त्यांना कसं विसरायचं? अलका परीक्षेच्या कामासाठी पुण्याला गेलेली. भाऊंनी मुलांना सांगून सगळे डबे उतरवले. बायकांनी ते साबणाच्या फडक्याने लख्ख पुसले. धूळ गेली, आणि अलकाने पेनाने लिहिलेले आकडेही गेले. पाटावर ओळीने मांडून हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आरती झाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे डबे होते तसे नीट खांबांवर परत. होते तसे म्हणजे, प्रत्येक जागी एक डबा. कुठला डबा कुठे होता हे कोणी लक्षात ठेवलं नव्हतं, कारण सगळे दिसायला सारखेच. अलकाने पुण्याहून फोन करून विचारलं की मधे सगळे बंद का होते, तर भाऊ म्हणाले, साफसफाई केली, परत लावले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पुढच्या दोन आठवड्यांत पुढच्या इमारतीच्या जिन्याचं माप हलायला लागलं. टांगताना डबा जरा तिरका बसला तर माप एकदाच उडी मारतं आणि थांबतं. हे थांबत नव्हतं. रोज थोडं, त्याच बाजूला. कॉम्प्युटरवर ती रेघ बघून पुढच्या जिन्याची घरं घाबरली; माझंही घर त्यातलंच. लोकांनी ट्रंका बांधल्या. आणि मागच्या इमारतीत काकू निर्धास्त. मला बोलावून म्हणाल्या, "तू हयसर येवन रव गो. माझी भिंत बरी आसा, डबोच सांगता." मी खरंच त्यांच्याकडे राहायला जायचं ठरवलं, अंथरूण गुंडाळलंसुद्धा.

त्या दिवशी सकाळीच अलका आली. घाईत होती, पण जिन्याकडे गेली नाही. चौकात उभी राहिली, फोन बघत, मग एकेका खांबाकडे बघत. मी जवळ गेले तर म्हणाली, पुढच्या जिन्याचा डबा फाटकावरच्या डब्याकडे तोंड करून बोलायला हवा; तो तिथे बोलतच नाही, भलत्याच डब्यांशी बोलतोय. फाटकावरचा डबा पाण्याच्या टाकीशी बोलतोय. सगळ्यांची तोंडं चुकलीत. ती तिथेच पायरीवर बसली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर खुणा काढायला लागली, कोण कोणाकडे वळून बोलतोय त्याच्या. चहूबाजूंना ओरडणारी अँटेना असती तर हे कधीच कळलं नसतं. सगळ्यांना सगळं ऐकू आलं असतं. इथे प्रत्येकाची दिशा नोंदलेली होती, आणि दिशा फडक्याने पुसली जात नाही. बाण काढत काढत ती शेवटच्या खुणेपाशी आली आणि तिचा हात थांबला. मग ती मागच्या इमारतीचा जिना धावत चढली.

मी पोचले तेव्हा तिने काकूंच्या भिंतीवरचा डबा उतरवला होता. झाकणाच्या फटीत कुंकू होतं आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. झाकण उघडून आतला क्रमांक तिने मला दाखवला. पुढच्या जिन्याचा डबा होता तो. म्हणजे जी भिंत रोज कलत होती ती माझी नव्हती. काकू ज्या भिंतीला टेकून बसल्या होत्या ती होती.

अलकाने आईला सगळं समजावलं. रेघ दाखवली, बाण दाखवले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कालपर्यंत तोच डबो भिंत बरी म्हणी होतो. आज वायट म्हणता. उद्या काय म्हणात?"  अलकाचा आवाज चढला, मग ती रडली, मग दादरला चल म्हणाली, मग निदान चौकापलीकडे रंजूच्या दिरांच्या बंद खोलीत चल म्हणाली. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या जिन्यावरची बाकीची घरं निघाली, तावडे भाऊ खाली मान घालून सामान वाहत होते, आणि काकू हलेनात. "खोली सोडलंय की गेली. ह्यांच्या गिरणीचा असाच झाला. दोन दिवस घराक जावा म्हणालेले."

दुपार झाली. अलका एकाएकी उठली. तिने खुंटीवरचं नरसाळं काढलं आणि जिना उतरून चौक ओलांडून गेली. मी काकूंजवळ थांबले. भिंतीत कुठेतरी वाळू सरकल्यासारखा आवाज येत होता की माझा भास होता, सांगता येत नाही. समोरच्या खोलीचं कुलूप निघालं, स्टोव्हचा आवाज आला, बऱ्याच वेळाने पापलेटाच्या कालवणाचा वास चौकापर्यंत आला. मग अलका गॅलरीत आली. नरसाळ्याचं बारीक टोक तोंडाशी, रुंद तोंड आमच्या दारावर.

"आई, ताट वाढलाय."

चाळीत सगळे गॅलऱ्यांत उभे होते, पण हाक एकटीला होती. काकूंनी मान वळवली. जन्मभर ज्या नियमाने त्यांनी दुसऱ्यांना उठवलं त्याला नाही कसं म्हणणार? गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पुटपुटल्या, "मीठ घातल्यान तरी आसात काय बरोबर..." दाराला स्वतः कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि माझा हात धरून जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, त्याने जिन्याकडची भिंत थोडी फोडली. आतल्या तुळईचं टोक कुजून भुगा झालं होतं. ती कशावर टेकली होती हे त्यालाही सांगता येईना. टेकू लावले. बाजूच्या टॉवरवाल्यांशी पत्रव्यवहार, नवी इमारत होईपर्यंत खोल्यांचा हक्क कायम ठेवणारा लेखी करार, हे सगळं मी पाहिलं. ते माझं काम. मागची इमारत आज टेकूंवर उभी आहे, काकूंच्या बाजूच्या खोल्या रिकाम्या, बाकीच्यांत माणसं राहतात. म्हणून डबे चालू राहायला हवेत. त्यात हयगय नको.

काकू समोरच्या खोलीत रमल्या, पण त्यांना आपली भिंत दिसत नव्हती. अलकाने त्यांच्या खिडकीत एक जादा डबा बसवला, त्यावर एक हिरवा दिवा. जुन्या भिंतीवरचा डबा या डब्याकडे वळून बोलला की दिवा एकदा लुकलुकतो. काकू संध्याकाळी त्यासमोर बसायच्या आणि लुकलुकला की म्हणायच्या, आसा. आणखी एक डबा अलका स्वतःच्या पिशवीत ठेवायची, भिंतींची चाचणी करत फिरायला. त्याचं नावही हजेरीत होतं. ती रविवारी फाटकातून आत आली की फाटकावरच्या डब्याला तो सापडायचा, आणि काकूंच्या खिडकीतला दिवा लागोपाठ दोनदा लुकलुकायचा. अलकाने हे मुद्दाम करून ठेवलं होतं की आपोआप होत होतं, तिला मी विचारलं नाही. काकूंना एवढंच ठाऊक होतं की दिवा दोनदा लागला म्हणजे चहा ठेवायचा. "इला गो माझा चेडू," असं मला ओरडून सांगायच्या, आणि अलका जिना चढून येईपर्यंत आधण उकळलेलं असायचं. तुला कसं कळतं गं मी आले ते, असं आईला विचारून अलका मलाच डोळा मारायची...

सभेनंतर देशपांडे मॅडमनी कॉलेजातून आणलेली अलकाची पिशवी मला दिली. आत चष्मा, शेंगदाण्याची पुडी, आणि तो डबा, बंद. हजेरीतून नाव कसं काढायचं तेही त्यांनी मला करून दाखवलं. अगदी सोपं आहे. कॉम्प्युटरवर यादी उघडायची, नावावर जायचं, काढून टाकायचं. त्या दिवशीची माझी कामं मी अशी लिहिली होती: मागच्या इमारतीतल्या बॅटऱ्या बदलणे. टेकूंची तपासणी करून घेणे. काकूंची डोळ्यांची वेळ ठरवणे. नरसाळं नव्या खोलीत खुंटीला लावणे. अलकाचा डबा हजेरीतून काढणे.

बाकीची सगळी झाली. शेवटचं काम मी पुढच्या आठवड्याच्या कागदावर उतरवलं, मग त्याच्या पुढच्या. फाटकावरच्या डब्याची बॅटरी इतरांपेक्षा लवकर उतरते आहे, ते दिसतंय मला. तो प्रत्येक हजेरीला फाटकाबाहेर तोंड करतो, तिला हाक मारतो, थांबतो, आणि मग पुढच्या जिन्याकडे वळतो. अलकाने ऐकलं असतं तर माझी चांगली खरडपट्टी काढली असती. काल मी यादी उघडून नावावर गेले होते. तेवढ्यात वरून काकूंनी विचारलं, आज रविवार ना, चहा किती जणांचा ठेवू? मी यादी तशीच बंद केली आणि वर गेले. काम बाकी आहे. बॅटरी मात्र नवी घालून आले.